फिनचा एकविसावा गुण

शनिवार, बावीस नोव्हेंबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. कोबे येथील माझ्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे लिहावयास घेतले आहे. दुपारी दोन वाजता मला वॉर्डाच्या क्रीडागृहात चौदा मुलांसमोर उभे राहून एक गोष्ट सांगावयाची आहे. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी असल्याचे मी एकटाच जाणतो; आणि ज्याने ती सांगण्याचे काम माझ्याकडे दिले, तो सात आठवड्यांपूर्वी गेला.

बातमी आली तेव्हा मी प्लास्टिकचा कचरा वेगळा करीत होतो. ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता. फोन मंदारचा होता. मंदार पुण्याचा, इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर गेली सहा वर्षे आहे, आणि त्याची दहा वर्षांची मुलगी ईरा फिनच्या क्लबात बॅडमिंटन शिकते. "काका, फिनसान गेले," तो म्हणाला. "आत्ता, साडेदहाला. नोरिकोसानचा मेसेज आला." नोरिको ही फिनची बायको; 'सान' म्हणजे आपले 'जी'. मी "बरे" म्हटले. त्याला ते उत्तर पुरेसे वाटले नसावे. "काका, तुम्ही ठीक आहात ना? येऊ का मी तिकडे?" मी विचारले, "येऊन काय करणार?" बाटल्यांची झाकणे काढून वेगळ्या पिशवीत टाकावी लागतात, तेवढे काम उरले होते. ते मी पुरे केले आणि मग बसलो.

वृत्तपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांस फिनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या स्वतःच्या देशातही ते फारसे कोणास ठाऊक नव्हते. फिंटन हे त्याचे पूर्ण नाव. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका खेड्यात तो जन्मला. वडील भिंतींना गिलावा करीत. तोही तेच काम शिकला. त्या खेड्यात बॅडमिंटन खेळता येईल अशी एकच जागा होती, चर्चला लागून असलेले सभागृह, आणि त्याचे छत इतके खाली की उंच मारलेले शटल तुळईला आपटून परत येई. त्यामुळे गावातील सारे खेळाडू सपाट, जाळीवरून जेमतेम जाणारे फटके मारावयास शिकले. फिन अखेरपर्यंत तसाच खेळला. छत पन्नास फुटांवर असलेल्या मोठमोठ्या क्रीडागृहांतही तो किंचित वाकून, डोक्यावर काहीतरी असल्यासारखा खेळे. जाणकार त्यास त्याची शैली म्हणत. "कसली शैली!" तो मला एकदा म्हणाला, "माझ्या डोक्यावर अजून आमच्या पाद्रीबाबांची तुळई आहे."

आपल्या देशातर्फे तो बारा वर्षे खेळला. दिवसा गिलावा, संध्याकाळी सराव, आणि वर्षातून सात-आठ वेळा पाठीवर रॅकेटची पिशवी टाकून परदेशी स्पर्धा. सोबत प्रशिक्षक नसे. दोन गेमांमधील विश्रांतीत इतर खेळाडूंभोवती त्यांची माणसे जमत, कोणी पाणी देई, कोणी कानात सांगे. फिन एकटा उभा राहून केळे खाई. चुन्याने त्याच्या बोटांची कातडी कायमची फाटलेली होती, त्यामुळे तो मुठीला दुहेरी कापड गुंडाळी. मोठ्या स्पर्धांत तो बहुधा पात्रता फेऱ्यांत, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी होणाऱ्या सामन्यांत, हरे आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसे. अशा खेळाडूंवर कोणी लिहीत नाही. परंतु कोणत्याही खेळाचा मोठा भाग याच माणसांचा बनलेला असतो. विजेते मोजके असतात. त्यांच्याकडून हरावयास कोणीतरी लागते.

आता माझ्याकडे येतो. जहाजांच्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका कंपनीत अभियंता म्हणून मी पुण्याहून कोबेला आलो, त्यास त्रेचाळीस वर्षे झाली. महाविद्यालयात असताना बॅडमिंटन खेळलो होतो. ती आवड टिकली आणि पन्नाशीनंतर मी रेषापंचाची परीक्षा दिली. रेषापंचाचे काम काय ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व त्यावर उभे आहे. कोर्टाच्या रेषांच्या टोकाशी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खुर्चीवरील माणसाने केवळ आपली रेषा पाहावयाची असते. शटल बाहेर पडले तर दोन्ही हात आडवे पसरून मोठ्याने 'आउट' म्हणावयाचे. आत पडले तर काही न बोलता उजवा हात रेषेकडे करावयाचा. आणि दिसलेच नाही, खेळाडू मध्ये आला, तर दोन्ही तळहात डोळ्यांवर धरावयाचे. मग मुख्य पंच निर्णय देतो, आणि त्यालाही दिसले नसेल तर तो गुण पुन्हा खेळला जातो. ही तिसरी खूण शिकविताना आमचे प्रशिक्षक म्हणाले होते, "सर्वांत अवघड खूण हीच. ऐन वेळी हात उचलत नाहीत." आम्ही सारे हसलो होतो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जपानातील एका मोठ्या स्पर्धेत पात्रता फेऱ्यांच्या दिवशी मी कामावर होतो. सकाळच्या एका सामन्यात खेळाडू मध्ये आल्यामुळे मी एकदा तळहात डोळ्यांवर धरले होते. ते योग्यच होते. पुढे चहाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणारे एक पंच, ते शाळामास्तर होते, सर्वांदेखत म्हणाले, "दामलेसान, सकाळी खुर्चीवर डोळे मिटून ध्यान लावलंत की काय? भारतीय माणूस, योग सुटत नाही!" खोली हसली. मीही हसलो. त्यांच्या मनात काही नव्हते. परंतु त्या मंडळात मी एकटाच परदेशी होतो, वयाची मर्यादा साठ होती आणि माझे अठ्ठावन्न पुरे झाले होते. माझ्या चष्म्याचा नंबर त्या वर्षी वाढला होता, आणि ते मी कोणास कळविले नव्हते.

दुपारचा शेवटचा सामना फिनचा होता. जिंकणारा मुख्य स्पर्धेत जाणार होता. ते ऑलिंपिकच्या निवडीचे वर्ष होते. हा एक सामना जिंकला असता तर आपल्या देशाकडून फिनची निवड बहुधा झाली असती. 'बहुधा' हा शब्द मी विचारपूर्वक लिहीत आहे. त्याच्या आडोशाने मी बरीच वर्षे काढली आहेत. बॅडमिंटनचा गेम एकवीस गुणांचा असतो. तिसऱ्या आणि निर्णायक गेममध्ये फिन वीस-एकोणिसने पुढे होता. त्याने बाजूच्या रेषेवर सरळ, खाली झुकणारा फटका मारला. ती रेषा माझी होती. प्रतिस्पर्धी मागे सरकत कोपऱ्यात आला आणि त्याची पाठ माझ्या आणि रेषेच्या मध्ये आली. शटल जमिनीवर आदळल्याचा आवाज मी ऐकला. तो बाजूला झाला तेव्हा शटल रेषेबाहेर लोळत होते. ते आत पडून बाहेर लोळले की मुळातच बाहेर पडले, हे मी पाहिले नाही. माझे हात डोळ्यांकडे निघाले होते... ते मी आडवे पसरले आणि 'आउट' म्हटले.

आवाज चांगला खणखणीत निघाला. कोणास शंका आली नाही, मुख्य पंचासही नाही. कॅमेऱ्याने निर्णय तपासण्याची सोय त्या कोर्टावर नव्हती. फिन माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर येऊन उभा राहिला. "डोळे आहेत का तुम्हाला?" असे इंग्रजीत ओरडला आणि रॅकेट जमिनीवर आपटली. त्याबद्दल त्यास पिवळे कार्ड दाखविण्यात आले. गुणसंख्या वीस-वीस झाली. पुढील दोन गुण तो झटपट हरला. ते दोन गुण माझे नव्हेत, असे मी स्वतःस सांगत आलो. हिशेबाने ते बरोबर आहे. परंतु मी खरी खूण केली असती तर फार तर तो गुण पुन्हा खेळला गेला असता, आणि फिन वीस-एकोणिसने पुढेच असता. हेही तितकेच बरोबर आहे.

त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात पायाची शीर तुटली. ती सांधल्यावर तो दोन वर्षे खेळला, पण पहिले पाऊल उशिरा पडू लागले होते आणि सपाट खेळणाऱ्यास तेवढा उशीर पुरतो. गावात राहणे त्यास जमेना. "लोक चिडले असते तर राहिलो असतो," तो म्हणे. "सगळे प्रेमाने वागायला लागले. दुकानात गेलो की आवाज बारीक करायचे." कोबेतील एका कंपनीच्या संघाला सरावासाठी परदेशी खेळाडू हवा होता, तेव्हा तो इकडे आला. पावाच्या दुकानात काम करणाऱ्या नोरिकोशी त्याने लग्न केले. पुढे कंपनीने संघ बंद केला आणि त्याने वॉर्डाच्या क्रीडागृहात दर शनिवारी मुलांचा क्लब सुरू केला.

त्याच क्रीडागृहात बुधवारी सकाळी आम्ही म्हातारे खेळत असू. चौदा वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी तो दारात उभा होता. मी त्यास ओळखले. मी बूट बांधीत राहिलो. खेळ संपल्यावर तो सरळ माझ्यासमोर आला आणि इथल्या रीतीप्रमाणे कमरेत वाकला. "तुम्ही त्या कोपऱ्यातले गृहस्थ," तो म्हणाला. "मी तुमच्यावर ओरडलो होतो. चार वर्षं ते माझ्या मनात आहे. तुम्ही तुमचं काम करत होतात. मला माफ करा." खरे काय ते सांगावयाचे असते तर त्यासाठी ती जागा उत्तम होती. आजूबाजूस कोणी नव्हते. वाक्यही लहान होते: मला दिसले नव्हते. मी म्हटले, "हरकत नाही. खेळात असे होते." मी त्याची क्षमायाचना स्वीकारली. चुकीचा निर्णय एका क्षणाचा होता; हे मी विचार करून केले. दोहोंपैकी मोठा अपराध कोणता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

त्यानंतर आमची मैत्री झाली. ती खरी होती, असे मी मानतो. बुधवारी खेळानंतर आम्ही स्टेशनसमोरील कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, कॉफी घेऊन बाकावर बसत असू. तो बोले, मी ऐकत असे. "दामलेसान, तुम्ही दिवसाला किती शब्द बोलायचे ते ठरवून घेतलंय का?" तो विचारी. "पन्नास? आज चाळीस झाले. दहा घरी जाऊन भिंतीशी बोला." मी एकदा म्हटले की माझ्या भिंतींना गिलावा नाही, लाकूड आहे, तर इतका हसला की कॉफी सांडली. शनिवारी मुलांच्या सामन्यांस रेषापंच म्हणून बसण्याची विनंती त्यानेच केली. मी नाही म्हणू शकलो नाही. म्हणजे, म्हणू शकत होतो, म्हटले नाही.

दर एप्रिलमध्ये क्लबात नवी मुले येत. त्या सर्वांस जमिनीवर बसवून फिन आपल्या वेड्यावाकड्या जपानीत त्या सामन्याची गोष्ट सांगे. वीस-एकोणीस, सरळ फटका, कोपरा. मुले श्वास रोखून ऐकत. "मला ते आत दिसलं," तो म्हणे. "मी ओरडलो, रॅकेट आपटली. पण मला काय दिसलं? मला जे हवं होतं ते दिसलं. त्या माणसाला जे होतं ते दिसलं." मग तो माझ्याकडे हात करी, आणि चौदा-पंधरा माना माझ्याकडे वळत. "तो माणूस हा. आता आपला मित्र आहे. म्हणून आपल्या क्लबात रेषेवर वाद नाही. पंच म्हणतो ते खरं." त्या क्लबात एकही मूल कधी रेषेवर वाद घालीत नसे. दुसऱ्या क्लबांचे प्रशिक्षक त्याचे कौतुक करीत. नियम चांगलाच होता. त्या नियमाच्या पायात माझे खोटे होते, इतकेच. ही गोष्ट मी तेरा एप्रिल ऐकली.

गेल्या वसंतात त्याच्या पोटात दुखू लागले आणि जूनमध्ये निदान झाले; क्लब बंद ठेवावा लागला. ऑगस्टअखेर तो रुग्णालयातून परतणार नाही हे ठरल्यासारखे होते. सप्टेंबरच्या मध्यावर मी एकटा त्यास भेटावयास गेलो. सांगावयाचे असे ठरवून गेलो होतो. वाक्य इंग्रजीत तयार केले होते आणि गाडीत दोनदा मनात म्हणून पाहिले होते. तो उशांना टेकून बसला होता. मनगटे निम्मी झाली होती. "या, पंचमहाराज," तो म्हणाला. "मी आत की बाहेर?" मी खुर्ची ओढून बसलो. थोडा वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी जिंकलो असतो ना, तर ऑलिंपिकला जाऊन पहिल्याच फेरीत मार खाल्ला असता. आणि मग गावातल्या पबमध्ये बसून चाळीस वर्षं तेच सांगितलं असतं. त्यापेक्षा ही गोष्ट बरी आहे. ही कोणाच्यातरी कामी येते." तो पुढे म्हणाला, "आता ती तुम्ही सांगा. क्लब पुन्हा सुरू होईल तेव्हा, पहिल्याच दिवशी. तुम्ही तिथे होतात. नोरिकोला जमणार नाही, ती रडेल. तुम्ही रडणार नाही, खात्री आहे मला." मी म्हटले, "सांगेन."

त्या अर्ध्या तासात परिचारिका आत आली नाही, फोन वाजला नाही, त्यास ग्लानी आली नाही. मला कोणी अडविले नाही. मी बोललो नाही. तीन आठवड्यांनी तो गेला.

इकडे मृत्यूनंतर एकोणपन्नास दिवस पाळतात. ते काल पुरे झाले. क्लब आजपासून सुरू होत आहे. दहा वाजत आले आहेत. काय सांगावयाचे ते अजून ठरलेले नाही. त्याच्या शब्दांत सांगितले तर दिलेला शब्द पाळला जाईल आणि मुलांचा नियम टिकेल. खरे सांगितले तर दोन्ही मोडतील, आणि त्याची क्षमायाचना परत करावयास तो नाही. लेखणी येथे ठेवतो.

पुढील मजकूर संध्याकाळी घरी परतल्यावर लिहीत आहे.

दोन वाजता मुले रांगेने बसली. नोरिको भिंतीशी उभी होती. ईराला सोडावयास आलेला मंदार दारापाशी थांबला होता. मी फिनच्याच शब्दांत सुरुवात केली. सभागृह, तुळई, बारा वर्षे, वीस-एकोणीस. मुलांस गोष्ट पाठ होती. काहीजण ओठ हलवीत होते. 'त्या माणसाला जे होतं ते दिसलं' या वाक्याशी आलो. ते माझ्या तोंडून निघेना. मी थांबलो. मग म्हटले, "त्या माणसाला काही दिसले नव्हते. खेळाडू मध्ये आला होता. डोळ्यांवर हात धरावयास हवे होते. लोक हसतील म्हणून मी ते केले नाही. 'आउट' म्हटले. फिनसानला हे कधी सांगितले नाही." इतकेच. एक मिनिटही लागले नसेल.

पुढे बसलेल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे शटल आत होतं?"

"मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"फिनसानना माहीत होतं," ईरा जपानीत म्हणाली. "ते म्हणायचे, आत दिसलं. मग तुम्ही म्हणालात म्हणून त्यांनी ते सोडलं." मी मान हलविली. तिने विचारले, "त्यांना सॉरी म्हणालात?" मी नाही म्हटले. तिने माझ्याकडे सरळ पाहिले आणि एकच शब्द उच्चारला: "झुरुई." खेळात लबाडी करणाऱ्यास इथली मुले हा शब्द वापरतात. मंदार दारातून मराठीत ओरडला, "ईरा! आजोबांशी असं बोलतात का?" मी त्यास म्हटले, "ती बरोबर बोलते आहे."

मुले कोर्टावर गेल्यावर मंदार माझ्याजवळ आला. तो संतापला होता, पण आवाज दाबून बोलत होता. "काका, अहो काय गरज होती? ते गेले. तुम्ही पंच्याहत्तरी ओलांडलीत. कोण विचारायला येणार होतं? त्या नोरिकोसानचा तरी विचार करायचा." मग तो मऊ झाला. "आणि कदाचित ना काका, त्यांना माहीत असणार. मनातून. म्हणूनच तर तुम्हाला सांगायला दिली गोष्ट. नाही का?" असे म्हणणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असतो. पण फिनला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याने ती गोष्ट मुलांस कधीच सांगितली नसती. तो खोटे शिकविणारा माणूस नव्हता. मेलेल्याच्या पदरी समजूतदारपणा बांधून आपली सुटका करून घेणे मला मान्य नाही. मी मंदारला तसे सांगितले. "तुमच्याशी बोलणं म्हणजे ना..." तो म्हणाला आणि गेला.

तीन वाजता सामने सुरू झाले. दुसऱ्याच सामन्यात एक शटल मागील रेषेजवळ पडले. रेषेवर बसलेल्या मुलाने हात आडवे केले. खेळणारा मुलगा जाळीपाशी आला आणि म्हणाला, "तू नक्की पाहिलंस? खरं पाहिलंस?" त्या मुलाचा चेहरा लाल झाला. दुसरीकडून कोणीतरी म्हणाले, "मला आत वाटलं." चौघे-पाचजण जमले. एवढ्या वर्षांत त्या क्रीडागृहात असे घडलेले मी पाहिले नव्हते. नोरिकोने जाऊन तो गुण पुन्हा खेळविला. त्यानंतर आणखी तीनदा तसे झाले. मी रेषेवर बसलो नाही, मला कोणी बसावयास सांगितलेही नाही.

पाचच्या सुमारास मुलांनी रांग करून जमीन पुसली आणि ती घरी गेली. नोरिको माझ्यापाशी येऊन उभी राहिली. ती रडली नव्हती. "शेवटच्या आठवड्यात औषधामुळे तो झोपेत बोलायचा," ती म्हणाली. "हात वर करायचा. 'इन, इन,' असं म्हणायचा. जागा झाला की मला म्हणायचा, नाही, नाही, तो माणूस बरोबर होता." मग म्हणाली, "चौदा वर्षं होती तुमच्याकडे, दामलेसान. हे त्याला सांगायचं होतं. मुलांना नाही. मला नाही." मी म्हटले, "होय." मग तिने दोन्ही हात पुढे जुळवून, पूर्ण औपचारिक भाषेत सांगितले, "आज थंडीत आपण आलात, आभारी आहे. आपण दमला असाल. येथून पुढे शनिवारी घरी विश्रांती घ्यावी." अशा बोलण्याचा अर्थ या देशात त्रेचाळीस वर्षे काढलेल्या माणसास विचारावा लागत नाही. मी वाकलो. ती वाकली आणि निघून गेली.

साहित्याच्या कपाटाची किल्ली सप्टेंबरपासून माझ्याकडे होती. ती परत करण्यापूर्वी आत सर्व जागेवर आहे का ते पाहावे म्हणून कपाट उघडले. खालच्या फळीवर शटलच्या बारा नळ्या होत्या आणि त्यांच्या मागे त्याची किटली. हिवाळ्यात इथली हवा कोरडी होते, पिसे ठिसूळ होतात आणि शटल दोन फटक्यांत मोडते. म्हणून खेळण्यापूर्वी नळीच्या दोन्ही तोंडांतून वाफ द्यावी लागते. हे तो गावातील त्या सभागृहात शिकला होता आणि ऋतू कोणताही असो, दर शनिवारी संध्याकाळी, सारे गेल्यावर, पुढील शनिवारसाठी स्वतः करीत असे. दुसऱ्या कोणास हात लावू देत नसे; मी बाजूस उभा राहून पाही. प्रत्येक नळीवर पेन्सिलीने त्याच्या हातची शेवटची तारीख होती, मेमधील. नोरिकोला हे काम ठाऊक नसावे. मुलांस तर नाहीच.

क्रीडागृहाच्या चहाच्या खोलीत किटलीत पाणी भरून गॅसवर ठेवले. वाफ निघू लागल्यावर एकेक नळी उघडून धरली. एका तोंडास सात मोजेपर्यंत, मग उलटी करून पुन्हा सात. तो हे आकडे आपल्या गावच्या भाषेत मोजी. मी मराठीत मोजले. बारा नळ्यांस पंचवीस मिनिटे लागली. झाकणे लावून नळ्या फळीवर उभ्या ठेवल्या. त्याच्या तारखांखाली आजची तारीख लिहिली. 'वाफ दिलेली आहे, आडव्या ठेवू नयेत' अशी जपानीत चिठ्ठी लिहून कपाटाच्या आतील बाजूस चिकटविली. किटली पालथी घातली, गॅस बंद असल्याचे दोनदा पाहिले. कपाटाला कुलूप लावले. कार्यालयात किल्ली दिली, वहीत सहा वाजून पाच मिनिटे ही वेळ लिहिली आणि नावापुढे, इथल्या रीतीने सहीऐवजी, माझा शिक्का मारला.